गेटच्या वहीतली ओळ

"फुंक."

लाइन लीडरनं मशीन माझ्या तोंडापुढं धरलं. चाकणच्या कंपनीचं गेट, सकाळची शिफ्ट, मागं बसमधून उतरलेल्या पन्नासेक बाया. दारू तपासायचं ते मशीन गड्यांसाठी असतं. बाईला कुणी कधी फुंकायला लावलं नव्हतं. तो मान मला मिळाला.

झालं होतं एवढंच. बसमधून उतरताना उजवा हात गेला. डबा खाली पडला. उचलायला वाकले तर बोटं वळेनात. वॉचमननं कार्ड मागितलं, मी बोलायला गेले तर जीभ जड, तोंडातून भलतंच काहीतरी. ओठ एका बाजूला लोंबलेला.

"आयला, सकाळी सकाळी टाकून आलीस का काय गं?" लाइन लीडर म्हणाला.

गडी हसले. बायापण हसल्या. हे मी विसरलेले नाही.

वाकड्या तोंडानं फुंकता येत नाही. लाळ गळाली, साडीवर पडली. "नीट फुंक. नाटकं न्हाई पायजेत." तीनदा फुंकायला लावलं. तिन्ही वेळा मशीनवर शून्य. तरी त्यानं गेटच्या वहीत माझ्या नावापुढं लिहिलं, 'मद्यपानाचा संशय. परत पाठवले.' हात धड असता तर तिथंच त्याच्या थोबाडीत ठेवून दिली असती.

आमच्या घरात आजवर दारूची बाटली आलेली नाही. आणि मी दारुडी!

तासाभरात हात परत आला, जीभही सुटली. दिघीला खोलीवर पोचले तर शेजारीण बघून घाबरली, ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण पोरगीच होती. बीपी बघून ती उठून उभी राहिली.

"मेंदूचं रक्त थोडा वेळ अडलं होतं. हा इशारा आहे. पुढचा झटका मोठा येऊ शकतो." मग तिनं विचारलं, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? फिटचे झटके आले होते?"

मी नाही म्हणाले. मला ठाऊकच नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, मराठवाड्यात. त्याला चौदा वर्षं झाली. मला आठवतं ते एवढंच, की डोळे उघडले तेव्हा पोरगी आईच्या मांडीवर होती आणि माझी जीभ दातांनी फाटलेली. आई म्हणाली, ग्लानी आली होती. मी मानलं. पण डॉक्टरणीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आईला फोन लावला. ती रडायलाच लागली.

"फाईल पेटीत हाय, माय. तुला फिट येते म्हणून सासरच्यांनी माघारी धाडली असती."

भावानं फाईलचा फोटो पाठवला. बीपी. झटके. शेवटी डॉक्टरच्या हातची ओळ, 'पुढेही दर वर्षी बीपी तपासावे.' चौदा वर्षं ती ओळ लुगड्यांखाली पडून होती. मी आईवर ओरडले. नको ते बोलले. ज्यांच्या भीतीनं तिनं लपवलं, त्यांच्यावर ओरडायची माझी तेव्हाही हिंमत झाली नाही.

डॉक्टरणीनं समजावलं. बाळंतपणात असं झालेल्या बाईला पुढं हृदयाचा, मेंदूचा झटका यायची भीती जास्त असते. बाळंतपण झालं की विषय संपला, असं नसतं. वेळेवर बीपी बघितलं, गोळी घेतली, तर पुष्कळ टळतं. इतकी साधी गोष्ट. चौदा वर्षांत एकानंही विचारली नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरणीचा कागद घेऊन गेटवर गेले. लाइन लीडरनं कागद वाचला. तोंड पडलं त्याचं.

"झालं गेलं, सोडा आता, ताई."

आता ताई! त्या दिवशी 'गं' होते.

आम्हा बायांना कामावर लावणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं फॉर्म पुढं केला. 'पूर्वीचा आजार नाही', सगळ्या बायांच्या फॉर्मवर आधीच टिक केलेली. "सही करा न् लाइनवर जा." दर वर्षी केली होती मी. डोकं ठणकत असायचं, तरी केली होती. आईनं सासरसाठी लपवलं, मी कंपनीसाठी. त्या दिवशी ती टिक खोडली. खाली लिहिलं, 'बाळंतपणात बीपी, झटके.'

मग लाइन लीडरला म्हटलं, "वही आणा. त्या ओळीखाली तुमच्या हातानं लिहा. तिन्ही वेळा शून्य होतं. बाई आजारी होती. ह्या सगळ्यांसमोर लिहा."

"मी न्हाई लिहिणार."

"मग मी इथून हलणार नाही."

मागून एक बाई पुढं आली. त्या दिवशी हसलेलीच. हळूच म्हणाली, "माझंबी बीपी वाढलं होतं गं, धाकट्याच्या वेळी. फॉर्मवर लिहू का?"

"लिही," म्हटलं. तिला अजून माफ केलेलं नाही. पण लिही.

मला अजून आत घेतलेलं नाही. रोज सकाळी बस येते तेव्हा मी गेटवर उभी असते, आणि उतरणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरणीचा तोच प्रश्न विचारते, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? लाइन लीडर मान खाली घालून जातो. जाऊ दे. कुठवर जाईल? गोळी मी एक दिवस चुकवत नाही. मला इतक्यात मरायचं नाही. त्याच वहीत, त्याच बायांसमोर तो लिहील, तेव्हा मला समोर उभं राहायचंय.