अर्धा फोटो

आमच्या शेजाऱ्यांची नोकरी बडनेऱ्याला, रेल्वेत. थांबणं त्यांना जमायचं नाही. चहा उभ्यानेच प्यायचे, फाटक उघडायच्या आत स्कूटर सुरू करायचे. घरचा कॉम्प्युटर हळू वाटला म्हणून त्यांनी त्यात दोन हार्डडिस्क एकत्र जोडून घेतल्या.

"अर्धी फाईल हिच्यात, अर्धी तिच्यात. दोघी संगच धावतेत, भाऊ," असं आल्यागेल्याला सांगायचे.

एक बिघडली की दुसरीतलंही काही उघडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वेगळी कॉपी काढून ठेवा म्हटलं, तर म्हणायचे, "टाइम कोनाले हाय?"

उन्हाळ्यात एक डिस्क गेली. वारलेल्या बायकोचे सगळे फोटो त्या जोडीतच होते.

मी म्हटलं, "दुसरी चांगली आहे ना, ती पुसून वापरा."

"नाही. हर फोटो अर्धा त हाय ना हिच्यात."

ती डिस्क आता रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवलेली असते. कॉम्प्युटर एका जुन्या डिस्कवर रखडत सुरू होतो. तोवर ते समोर बसून राहतात. चहासुद्धा बसूनच पितात.