चंद्रावतीची थंड खोली

माझी थोरली जाऊ चंद्रावती हिचा गळा उघडा होता, तोवर ती मला फार आवडायची. खरं तेच सांगते.

२००८ साली कोन गावातल्या आमच्या जमिनीचे पैसे आले. आमच्या ह्यांनी गाडी घेतली, बंगला बांधला. मोठे दीर कृष्णकांत तळोज्याच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्याला सुटे भाग पुरवायचे. काट्यातली एक आयसी, म्हणजे मुंगळ्याएवढी काळी चिप, बाजारातून कायमची बंद होणार होती. कारखानदार म्हणाला, "आठ वर्षांचा माल आत्ताच घेऊन ठेवा. आम्ही लागेल तसा उचलू, पैसेही तेव्हाच देऊ." दिरांनी जमिनीचा पैसा घातला. तो पुरेना, तेव्हा चंद्रावतीने अंगावरचं सोनं बँकेत तारण ठेवलं. त्यात सासूबाईंची पुतळ्यांची माळ होती, थोरली म्हणून तिला मिळालेली. माझा डोळा लग्नापासून त्या माळेवर.

आयसीला दमट हवा लागली की माल वाया. म्हणून तिने घरातली चांगली खोली मालाला दिली, एसी बसवला. माणसं पंख्याखाली आणि मुंगळे एसीत! मी पोट धरून हसले. ती रोज सीलबंद पिशव्या तपासायची, ओल्या पायाने कुणाला आत सोडायची नाही. गावच्या हळदींना बायका सोन्याने मढून यायच्या आणि हिच्या गळ्यात नुसती काळी पोत. मी मुद्दाम शेजारी बसायचे.

"वयनी, माळ कवा येनार?"

"माल जाईल तशी येल," ती म्हणायची.

आणि माल जाऊ लागला. ती आयसी दुसरीकडे कुठे मिळेना, कारखान्याची माणसं हिच्या दारात. खोली रिकामी होत गेली तशा बँकेतून आधी पाटल्या आल्या, मग तोडे, मग ठुशी. प्रत्येक दागिन्यागणिक माझा जळफळाट. इकडे ह्यांनी न्हावा शेव्याच्या कामाला कर्जाने डंपर घेतले, ते कामाविना उभे राहिले. गाडी गेली, पाठोपाठ माझं सोनंही. तरी मी देवाला म्हणायचे, माळ तेवढी लिलावात जाऊ दे. मला नाही, तर तिलाही नको.

मग माझ्या समृद्धीची हळद आली. आमच्यात हळदीला नवरीचा गळा अख्खा गाव बघतो. लेकीच्या गळ्यात मी खोटे दागिने घालत होते, तोच चंद्रावती आली.

"मालू, माल संपला. खोली खाली झाली," ती म्हणाली आणि तिने डबी उघडून माळ समृद्धीच्या गळ्यात घातली. "आजीची हाय, नातीलाच शोभते. मना कुठं लेक हाय? परत देऊ नको."

मी तिच्या पाया पडले. पडावंच लागलं. वर बघितलं, तर जिच्यासाठी इतकी वर्षं जळले ती माळ माझ्या लेकीच्या गळ्यात होती, आणि सगळा मांडव चंद्रावतीकडे बघत होता.