कचेरीच्या फोटोला हार

भोकरदनच्या त्या स्टुडिओवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या हाताखालून गेलेल्या फोटोतला माणूस इतका गोरा होतो, की घरचेच त्याला पाहुणा समजून चहा विचारतात.

आमच्या कोर्टाच्या जुन्या दगडी कचेरीचा, कमानी धडधाकट असतानाचा, निजामाच्या काळातला एकच फोटो उरला होता. कचेरी पाडायची की दुरुस्त करायची, याची बैठक दुपारी होती. तिथं दाखवायचाय, असं सांगूनच मी तो फोटो मोठा करायला दिला होता.

सकाळी गेलो, तर स्वारीनं चष्मा कपाळावर चढवला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर फुंकर मारली आणि काम दाखवलं. आभाळ निळंशार, दगड गुलाबी, आणि सगळ्या कमानींवरून लोंबणारा झेंडूचा हार! वर मधोमध कुंकवाचा टिळा.

मी असा ओरडलो, की तिकडं वाटूरच्या फाट्यावर एसटीनं ब्रेक मारला असेल. "अहो, हे काय करून ठेवलं?"

"जुना फोटो मोठा करायला लोक कवा आणतात, साहेब? माणूस गेल्यावरच ना?"

"कचेरी उभी आहे अजून!"

"उभी हाय, तर मंग बैठक कशाची लावली?"

कपाळावर हात मारून मी म्हणालो, "काढा तो हार! टिळा, आभाळ, सगळं काढा!"

चष्मा नाकावर घेऊन त्यानं एकेक फूल पुसलं. फोटो हातात देताना म्हणाला, "इतकी वर्षं हार घालून राह्यलो, पण घातलेला काढून घ्यायला कुणीच आलं न्हाई. तुमची कचेरी पहिलीच. जल्दी जा."