भरलेली पिंपं आणि संध्याकाळचा कॉल

बाळांनो, गेल्या रविवारी कॉल संपता संपता थोरली म्हणाली की धाकट्याच्या मनात अजून तेच आहे. शेवटच्या कॉलवर तो सतराचा पाढा म्हणत होता आणि आजोबा तोंड उघडं टाकून नुसते बघत राहिले, काही उत्तरच दिलं नाही. हे मी कॉलवर सांगू शकले असते, पण कॉलवर आपलं बोलणं घाईत मध्येच राहतं, आणि ही गोष्ट अर्धी पोचून चालणार नाही. म्हणून लिहिते आहे.

घर तुम्हाला आठवत असेल. पुढच्या खोलीत खिडकीपाशी राउटर, मग लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला आजोबांची खोली. न्हाणीघर त्या खोलीला लागून, म्हणून अर्धांगवायूनंतर पलंग तिथेच ठेवावा लागला. बाहेरून येणारी तार खिडकीपर्यंतच पुरत होती, म्हणून राउटरही हलला नाही. मधल्या बोळात पाण्याची पिंपं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे. मी पिंपं उंचीप्रमाणे ओळीत लावली होती. चालते-बोलते होते तेव्हा आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "हिच्या घरी पिंपंसुद्धा प्रार्थनेला उभी असतात."

आजारपणात त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डावा हात राहिला. होय म्हणायचं असेल तर अंगठा वर, नको असेल तर हात पांघरुणाखाली. दुपारी चहा झाला की ते कॉलसाठीच्या टॅबलेटकडे बघायला लागत. तिकडे परदेशात तुमची सकाळची शाळेत जायची घाई आणि इकडे आमची दिवेलागण एकाच वेळेची. ज्या दिवशी तुमचा चेहरा नीट दिसला नाही, त्या दिवशी ते जेवत नसत. मी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेत. त्यांचं वजन उतरत चाललं होतं, आणि डॉक्टरांना सांगायला माझ्याकडे वाय-फाय हे एकच कारण होतं.

मी सापडेल ते इंग्रजीतून वाचून काढलं. राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू करायचा. शेजारपाजारचे राउटर एकाच चॅनलवर गर्दी करतात, तेव्हा चॅनल बदलायचा. राउटरच्या लहरींचे दोन पट्टे असतात: पाच गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपाशी दमतो. दोन पॉइंट चारचा हळू, पण लांब जातो. टॅबलेट मी दोन पॉइंट चारवर ठेवला. तरी काही दिवस चित्र स्वच्छ, काही दिवस नुसते चौकोन. तक्रार केली की दोन-तीन दिवसांनी इंटरनेट कंपनीचा माणूस यायचा आणि नेमकं तेव्हा सगळं सुरळीत असायचं.

"आजी, लाइन ओके हाय की. उगंच कंप्लेंट टाकता तुमी."

"मग परवा का तुटत होतं?"

"राउटर जुन्या स्टँडर्डचा हाय. वाय-फाय सिक्सचा घ्या."

"तो भिंतीतून जाईल का?"

"भिंत ती भिंतच हाय की, आजी."

मग मुख्य जलवाहिनी फुटली. गल्लीत नळ कोरडे, टँकरभोवती घागरींची झुंबड, भांडणं. माझी पिंपं तळाला गेली. मी ओल्या फडक्याने आजोबांचं अंग पुसत होते, चादरी धुवायच्या पडून होत्या. पण नेमके त्याच दिवसांत तुम्ही लख्ख दिसत होतात. धाकट्याचा पडलेला दात त्यांनी पाहिला आणि अंगठा बराच वेळ खाली घेतला नाही. ते जेवतही होते. मला वाटलं, सुधारतायत.

शेवटी एका दुपारी पाणी आलं. सगळी गल्ली धावली. मी पिंपं काठोकाठ भरली, झाकणं लावली, चादरी भिजत घातल्या. संध्याकाळी कॉल लागला आणि पाढ्याच्या सुरुवातीलाच चित्र गेलं.

आता धाकट्या, तू नीट वाच. चित्र गेलं, आवाज गेला नाही. तुटत तुटत का होईना, तुझा पाढा इकडे येत होता. सतरा पाचे पंच्याऐंशीला तू अडखळलास आणि पुन्हा सुरुवात केलीस. शेवटाला आजोबांनी अंगठा वर केला होता. तुझ्या पडद्यावर त्याआधीचा चेहरा गोठून राहिला होता. उत्तर दिलं होतं, ते पोचलं नाही.

कॉल तुटला. मी फोन घेऊन बोळात उभी राहिले. पिंपांच्या अलीकडे सिग्नलच्या रेघा भरलेल्या, पलीकडे एकच. तेव्हा आठवलं: राउटरसमोर माशांची काचपेटी ठेवू नये, पाणी सिग्नल शोषून घेतं, असं मी वाचलं होतं. आमच्याकडे मासे नाहीत, म्हणून ती ओळ सोडून पुढे गेले होते.

भरलेलं पिंप हलत नाही. मी शेजारच्या वळसंगच्या बाईंना हाक मारली. त्या दारातच थबकल्या.

"अगंबाई, आक्का! लोकं पान्यासाठी डोकी फोडत्यात आन् तुमी उपसताय व्हय?"

"तुमच्या हौदात ओतायचंय. बादली धरा."

"तुमचं गणित लई अवघड बाई," म्हणत त्यांनी पदर खोचला.

पिंपं अर्ध्याखाली आली तेव्हा मी पुन्हा कॉल लावला. चित्र इतकं स्वच्छ की टेबलावरचे खाऊचे कण दिसत होते. तुमची आई म्हणाली, "मुलं आत्ताच बसमध्ये चढली." तिने तिकडचा टॅबलेट तुमच्या खुर्च्यांसमोर ठेवला. आजोबा त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मी चमचा पुढे केला. त्यांनी हात पांघरुणाखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी कॉलच्या वेळेआधीच ते गेले.

पिंपं आता अंगणात असतात. बोळ मोकळा आहे. राउटर तोच जुना आहे, आणि आजोबांच्या खोलीत सिग्नल पूर्ण येतो.