रोज येणारा पूर

बहात्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण पाठीवर पिशव्या बांधून अलिबागला गेलो. पिशव्या कॅनव्हासच्या, माझ्या फौजी भावाकडून मागून आणलेल्या. शेवगावच्या स्टँडवर एकाने विचारलंही, दुष्काळी कामावर निघालात का म्हणून. समुद्र दोघींनी पाहिलेला नव्हता. मैत्रिणीला शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी साडेदहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार. म्हणून रविवारी दुपारची पुण्याची गाडी चुकवायची नाही, असं मीच बजावलं होतं.

गाव देखणं होतं. कौलारू घरं, नारळी आणि समोर पाण्यात किल्ला. रविवारी सकाळी पाहिलं, तर किल्ल्यापर्यंतचं पाणी गायब, नुसती ओली वाळू. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडच्या नद्या वर्षातले दहा महिने अशाच असतात. साड्या खोचल्या आणि चालत गेलो.

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर निघाली आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या गावाकडे हंडाभर पाण्यासाठी रांगा होत्या. मैत्रीण पोटभर प्यायली, तिने केस धुतले, मग पिशवीतले कपडे काढले. सोमवारी नेसायची साडीसुद्धा. मी तिला हसले आणि माझ्याही दोन साड्या धुऊन घेतल्या.

त्या वाळल्यावर दरवाजाशी आलो, तर वाळूच्या जागी पाणी.

मैत्रिणीने आभाळाकडे बघितलं. "वर कुठंतरी पाऊस झाला आसंल. तासाभरात उतरंल."

मलाही पटलं. आमच्या नदीचा पूर तेवढाच टिकतो. आम्ही दगडावर बसून शेंगा फोडल्या. तासाभराने पाणी आणखी चढलं होतं.

किल्ल्यातल्या देवळात झाडलोट करणारी बाई मघापासून आमच्याकडे बघत होती.

"पूर न्हाय गो बाय, भरती हाय. रोज येते."

तुमच्या नदीला कधीमधी पाहुणा येत असेल, आमचा दिवसातून दोनदा जेवायला येतो, असंही तिने ऐकवलं. कधी उतरेल, या प्रश्नावर तिने सूर्य कुठे आल्यावर ते बोटाने दाखवलं. आमची गाडी तोवर घाटात पोचली असती. मैत्रीण त्यानंतर शेंगेला शिवली नाही.

उतरत्या उन्हात गुडघाभर पाण्यातून आलो, शेवटची गाडी धरली, पुण्याच्या स्टँडवर पिशव्यांवर डोकं टेकलं आणि पहाटे नगरची गाडी पकडली. शाळेत पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. वाटेत मी तिला पढवलं होतं, गाडी बिघडली म्हणून सांग. मी दोन्ही पिशव्या घेऊन दाराशी थांबले. हेडमास्तरांनी कारण विचारलं.

"पूर आला होता, सर," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी आधी खिडकीतून शाळेच्या कोरड्या हौदाकडे बघितलं, मग तिच्या वाळू लागलेल्या साडीकडे.

"मग येताना थोडा घेऊन यायचं, बाई," ते म्हणाले आणि हजेरीपुस्तक तिच्यापुढे सरकवलं.