गेलं आणि पोचलं

गांगुर्डेसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा ऐकलेलं सगळं मी त्यांच्या मुलाला परत म्हणून दाखवलं. कधी गेले, कुठे, किती वाजता नेणार... तो ‘बरोबर’ म्हणाला, तेव्हाच फोन ठेवला. ही सवय मला साहेबांनीच लावली.

ऐंशीच्या दशकात नाशिकच्या एका कारखान्यात आम्ही दोघं एका कॉम्प्युटरसमोर बसायचो. मोठं मशीन मुंबईच्या कचेरीत, आमच्याकडे पडदा-कीबोर्डवालं छोटं मशीन आणि टेलिफोनची लाइन. पावसाळ्यात इगतपुरीच्या घाटात लाइनमध्ये अशी खरखर शिरायची की पाठवलेल्या नावांत मधेच भलतीच अक्षरं उगवायची. त्या जुलैत बदली कामगारांना कायम करायची यादी शनिवारी दुपारी बारापर्यंत मुंबईच्या मशीनमध्ये जायला हवी होती. राहिलं ते नाव राहिलं. मी उतावळा. शनिवारी सकाळीच अख्खी यादी एका दमात पाठवली आणि ‘गेली’ म्हणून हात झटकले.

“पोचली हे कोणी सांगितलं, आहेर?” साहेबांनी शांतपणे विचारलं. मुंबईला विचारलं, तर मधल्या नावांचा चिवडा झालेला आणि शेवटची सात नावं गायबच.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम लावला. यादीचे छोटे तुकडे करायचे. मशीनमध्ये प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, त्यांची बेरीज तुकड्याला जोडायची. मुंबईचं मशीन तीच बेरीज करून बघणार. जुळली तर ‘ठीक’, नाहीतर ‘पुन्हा’. ‘ठीक’ आल्याशिवाय पुढचा तुकडा हलायचा नाही. एकेक तुकडा जात राहिला. शेवटचा मात्र अडला. सात-आठ वेळा पाठवला, दर वेळी लाइनच तुटली. मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. साहेब प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाठवत असल्यासारखे बसलेले. इतका धीर मी कुठल्याही माणसात पाहिलेला नाही, आजही आठवलं की थक्क व्हायला होतं.

दारात पगारे येऊन उभा राहिला. पाच वर्षं बदलीवर, त्या सात नावांतला, साहेबांच्याच नामपूरकडचा, बोलणं अहिराणी. “सायेब, मन्हं नाव गयं का?”

“गयं, पन पोचनं नही. थांब.”

मग ते माझ्याकडे वळले. “खरखर दर वेळी नवी जागा शोधते, आहेर. हे एकाच जागी तुटतंय.” तेव्हा मला आठवलं. ऐनवेळी वाढवलेल्या त्या सात नावांपुढे खूण म्हणून मी हौसेने नागमोडी चिन्ह टाकलं होतं. वाटेतलं यंत्र त्याचा अर्थ ‘लाइन तोड’ असा घेत होतं. मी कबूल केलं. ते रागावले नाहीत. त्या चिन्हाऐवजी दोन साधी अक्षरं पाठवायची आणि तिकडे त्यांचं पुन्हा चिन्ह करायचं, एवढी सोय त्यांनी प्रोग्रॅममध्ये केली, तिकडच्या माणसालाही फोनवर सांगून करायला लावली. बाराला दहा कमी असताना ‘ठीक’ आलं. पगारे तिथेच उंबऱ्यावर खाली बसला. माझी चूक साहेबांनी कधीच कोणाला सांगितली नाही.

साहेबांच्या निवृत्तीनंतर मी त्यांच्या नाशिक रोडच्या घरी जायचो. निघताना एकच अट, घरी गेल्यावर फोन करायचा. तो येईपर्यंत ते दाराला कडी लावत नसत.

परवा साहेबांच्या पत्नीला, वहिनींना, भेटून आलो. घरी आल्यावर हात आपोआप फोनकडे गेला. नंबर फिरवला आणि वाटलं, आता हे सांगायचं कोणाला... पहिल्याच घंटीला वहिनींनी उचलला.

“पोचलात?”

“पोचलो, वहिनी.”

“थांबा हं,” त्या म्हणाल्या. आणि मला कडी लावल्याचा आवाज आला.