मोहाखालचं रोप

मी काही लिहावं हे जरा जास्तच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच.

कुहीजवळच्या आमच्या गावात मोहफुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, म्हणजे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. त्या आगीत नवी रोपंही जळतात. म्हणून आमच्या म्हाताऱ्या मोहाखाली दुसरा मोह मी कधी पाहिलाच नव्हता. यंदा सुट्टीत मात्र तिथं वीतभर रोप दिसलं. बाबा काडेपेटी घेऊन आले, तेव्हा मी खराट्यानं पाला झाडायला लागलो.

"कॉलेजात झाडू माराले शिकवून राहिले का गा तुले?" बाबा हसले. "अन् तू नागपूरले गेल्यावर कोण झाडन?"

मी झाडतच राहिलो. परीक्षेसाठी परत आलो, पण तिकडे पाला रोज गळत होता आणि काडेपेटी बाबांच्या खिशात होती. फोन करून विचारायचा धीर होईना.

शेवटी काल आईचाच फोन आला. "तुह्ये बाबा रोज सकाळी मोहाखाली झाडाले जाते. शेजाऱ्यानं काडी काढली, तर त्याच्यावर खेकसले. रोपाले काट्याचं कुंपण केलं. आता माह्या अंगणाले खराटाच नाही उरला!"